युरोपीय संघातील दंडविधान : अधिकार आणि शब्दार्थ

१

राज्यसंस्थेच्या सर्व अधिकारांत शिक्षा करण्याचा अधिकार हा तिच्या सार्वभौमत्वाशी अत्यंत निकट असा मानला जातो. जकात बसविणे, नाणे पाडणे, व्यापाराचे नियमन करणे या अधिकारांचा काही भाग राज्ये करारान्वये दुसऱ्या संस्थेच्या स्वाधीन करतात. परंतु मनुष्याला अपराधी ठरवून तुरुंगात पाठविण्याचा अधिकार सोडावयास कोणतेही राज्य सहजासहजी तयार होत नाही. अपराध कशाला म्हणावे आणि त्याबद्दल किती शिक्षा द्यावी, यासंबंधीच्या कल्पना त्या त्या समाजाच्या इतिहासातून, धर्मभावनेतून आणि भाषेतून आलेल्या असतात.

युरोपीय संघ हा आज २७ राज्यांचा आणि २४ अधिकृत भाषांचा संघ आहे. त्याला स्वतःची दंडसंहिता नाही, स्वतःचे फौजदारी न्यायालय नाही, स्वतःचा तुरुंगही नाही. असे असूनही एका सदस्य राज्यातील न्यायाधीशाच्या हुकुमावरून दुसऱ्या सदस्य राज्यात मनुष्य पकडला जातो व काही आठवड्यांत पहिल्या राज्याच्या ताब्यात दिला जातो. आणि संघाच्या पैशांची अफरातफर करणाऱ्यांवर संघाचा अभियोक्ता खटला भरतो. १९५७ च्या रोम करारावर सह्या करणाऱ्या सहा राज्यांच्या मनात यांपैकी काहीही नव्हते.

भारतीय वाचकाला एकाच संहितेची सवय आहे. १८६० ची भारतीय दंडसंहिता आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेली भारतीय न्याय संहिता या दोन्हींत अपराधांच्या व्याख्या एकाच कायदेमंडळाने एकत्र दिलेल्या आहेत. युरोपात वाढ उलट दिशेने झाली. तेथे आधी शब्द आले, नंतर त्यांच्या अर्थावरून वाद झाले, आणि त्या वादांच्या निर्णयांतून कायदा आकारास आला. हा इतिहास बहुधा करारांच्या क्रमाने सांगितला जातो. तो क्रम आवश्यक आहे. परंतु करारांनी अधिकार दिले तरी ते कोठवर पोहोचतात हे पुष्कळदा एखाद्या शब्दाच्या अर्थावरूनच ठरले, ही गोष्ट त्यामुळे दृष्टिआड होते. फौजदारी कायद्यात असा अर्थनिर्णय केवळ पांडित्याचा विषय राहत नाही. त्यावर कोणाचे तरी स्वातंत्र्य अवलंबून असते.

२

प्रारंभीच्या युरोपीय समुदायाचा हेतू सामायिक बाजारपेठ हा होता आणि करारात फौजदारी कायद्याचा अधिकार कोठेही दिलेला नव्हता. १९८१ साली लक्झेंबर्ग येथील न्यायालयाने हीच भूमिका शब्दबद्ध केली : फौजदारी कायदा हे तत्त्वतः सदस्य राज्यांचे क्षेत्र होय, मात्र समुदायाच्या कायद्याने दिलेल्या स्वातंत्र्यांना बाध येईल अशी शिक्षा राज्यांना ठेवता येणार नाही. म्हणजे समुदायाच्या कायद्याचा फौजदारी कायद्याला झालेला पहिला स्पर्श निषेधात्मक होता. काय करू नये एवढेच त्याने सांगितले.

काय करावे हे सांगण्याची वेळ १९८९ साली आली, आणि त्यास निमित्त झाला मका. युगोस्लाव्हियातून आलेला मका ग्रीसमध्ये उत्पन्न झालेला असल्याचे दाखवून १९८६ साली बेल्जियमला पाठविण्यात आला व समुदायाला मिळावयाचा कृषिकर बुडविण्यात आला. ग्रीक शासनाने संबंधितांवर कारवाई केली नाही. समुदायाच्या कायद्यात शिक्षा सांगितलेली नसली, तरी राज्याने त्या कायद्याचा भंग स्वतःच्या तत्सम कायद्याच्या भंगाप्रमाणेच मानला पाहिजे, आणि त्यासाठी ठेवलेली शिक्षा परिणामकारक, अपराधाच्या प्रमाणात व जरब बसविणारी असली पाहिजे, असा निर्णय न्यायालयाने दिला. ही तीन विशेषणे पुढे असंख्य विनियमांत व निदेशांत जशीच्या तशी येत राहिली. कलमांची संहिता नसलेल्या समुदायाला या विशेषणांनी शिक्षेचे एक माप दिले.

३

१९९२ च्या मास्ट्रिख्ट कराराने (अंमल १ नोव्हेंबर १९९३) न्याय व गृहव्यवहार हे संघाचे एक वेगळे अंग झाले. परंतु तेथील निर्णय राज्यांच्या एकमतानेच व्हावयाचे होते. अ‍ॅमस्टरडॅम कराराने १ मे १९९९ पासून चौकट-निर्णय हे नवे साधन दिले. साध्य काय ते संघाने सांगावे व ते गाठण्याचा मार्ग राज्यांनी निवडावा, असे त्याचे स्वरूप होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये फिनलंडमधील टांपेरे येथे भरलेल्या राज्यप्रमुखांच्या बैठकीत ‘परस्परमान्यता’ ही न्यायिक सहकार्याची कोनशिला म्हणून जाहीर करण्यात आली.

हा शब्द बाजारपेठेतून आला होता. १९७९ साली एका फ्रेंच फळमद्याच्या खटल्यात न्यायालयाने असे ठरविले होते की, एका राज्यात रीतसर तयार झालेला माल, सबळ कारण नसेल तर, दुसऱ्या राज्याने अडवू नये. प्रत्येक राज्याचे नियम एकसारखे करण्याची यातायात त्यामुळे वाचली. टांपेरे येथे हेच तत्त्व न्यायालयीन हुकुमांना लावले गेले : एका राज्याच्या न्यायाधीशाचा हुकूम दुसऱ्या राज्याने, कायदे भिन्न असले तरी, मान्य करावा. तथापि मालाच्या बाबतीत परस्परमान्यतेने व्यक्तीचे स्वातंत्र्य वाढत होते. हुकुमाच्या बाबतीत तिच्यामुळे वाढतो तो राज्याचा हात. रूपक एका क्षेत्रातून दुसऱ्या क्षेत्रात नेले की त्याचा लाभ कोणाला होतो हे कसे पालटते, याचे हे उदाहरण लक्षणीय आहे.

४

परस्परमान्यतेचे पहिले व सर्वांत महत्त्वाचे फळ म्हणजे १३ जून २००२ चा युरोपीय पकड-वॉरंटासंबंधीचा चौकट-निर्णय. तत्पूर्वी परराज्यात पळालेला आरोपी मिळविण्याचा मार्ग प्रत्यर्पणाचा होता. प्रत्यर्पण हा दोन सरकारांमधील व्यवहार. त्यात मंत्र्याचा शब्द अखेरचा असे. कृत्य दोन्ही देशांत अपराध असावे लागे. आणि पुष्कळ राज्ये स्वतःचे नागरिक परक्या राज्याच्या ताब्यात मुळीच देत नसत. नव्या योजनेत मंत्री बाजूला झाला व व्यवहार न्यायालयांत थेट होऊ लागला. ३२ प्रकारच्या अपराधांबाबत, मागणी करणाऱ्या राज्यात त्यांना किमान तीन वर्षांपर्यंतची कैद होऊ शकत असल्यास, कृत्य दोन्हीकडे अपराध आहे काय हा प्रश्न विचारावयाचा नाही असे ठरले. आरोपीची संमती असल्यास तिच्यानंतर १० दिवसांत आणि संमती नसल्यास अटकेनंतर ६० दिवसांत निर्णय व्हावा, अशी मुदतही घातली गेली.

या बदलाबरोबर संज्ञाही बदलली. चौकट-निर्णयात नव्या क्रियेला ‘प्रत्यर्पण’ म्हटलेले नाही. ‘सुपूर्द करणे’ अशा अर्थाचा वेगळा शब्द प्रत्येक भाषेत योजला आहे. फ्रेंचमध्ये ‘एक्स्त्रादिस्यों’च्या जागी ‘रमीझ’, जर्मनमध्ये ‘आउसलीफरुंग’च्या जागी ‘उबरगाबे’, पोलिशमध्ये ‘एक्स्त्रादित्स्या’च्या जागी ‘प्शेकाझानिए’. हा केवळ शब्दांचा हव्यास नव्हता. प्रत्यर्पणाला लागू असलेली जुनी बंधने या नव्या क्रियेला लागू नयेत, हा त्यामागील हेतू होता.

तो हेतू सर्वत्र सफल झाला नाही. पोलंडच्या १९९७ च्या राज्यघटनेतील ५५ व्या कलमानुसार पोलिश नागरिकाचे प्रत्यर्पण निषिद्ध होते. सुपूर्द करणे हे प्रत्यर्पण नव्हे, सबब निषेध लागू होत नाही, असा युक्तिवाद तेथे पुढे आला. २७ एप्रिल २००५ रोजी पोलंडच्या घटना न्यायाधिकरणाने तो अमान्य केला. राज्यघटनेतील शब्दाचा अर्थ कनिष्ठ कायद्यातील नव्या संज्ञेवरून ठरत नाही. मनुष्याला खटल्यासाठी वा शिक्षेसाठी परराज्याच्या ताब्यात देणे हा प्रत्यर्पणाचा गाभा आहे, आणि तो दोन्हींत समान आहे, असे न्यायाधिकरणाचे म्हणणे होते. नाव बदलल्याने नागरिकाचे संरक्षण नाहीसे होत नाही, हा त्याचा इत्यर्थ. तथापि संघाप्रती असलेले दायित्व ओळखून न्यायाधिकरणाने निर्णयाचा परिणाम १८ महिने पुढे ढकलला, आणि २००६ साली पोलंडने राज्यघटनेतील कलमच दुरुस्त केले.

जर्मन घटना न्यायालयानेही १८ जुलै २००५ रोजी आपल्या देशाचा अंमलबजावणीचा कायदा रद्द ठरविला. नागरिकांच्या संरक्षणासाठी चौकट-निर्णयाने जी मोकळीक ठेवली होती तिचा उपयोग कायदेमंडळाने केला नाही, असे कारण दिले. २००६ साली तेथे नवा कायदा झाला. दोन्ही देशांत संघाचा हेतू अखेर साधला. पण तो उघडपणे, घटनादुरुस्तीने व नव्या विधेयकाने साधावा लागला.

५

संघाच्या कायद्याची प्रत्येक अधिकृत भाषेतील प्रत सारखीच प्रमाण असते. कायद्याच्या दृष्टीने कोणतीही एक भाषा मूळ नव्हे आणि दुसरी तिचा अनुवाद नव्हे. १९५८ साली अशा भाषा चार होत्या. प्रतींत मेळ नसेल तर काय करावे, हा प्रश्न १९७७ साली इंग्लंडमधील एका फ्रेंच कामगाराच्या खटल्यात आला. मादक पदार्थ बाळगल्याबद्दल त्याला हद्दपार करावयाचे होते. अशा वेळी नियमाचा हेतू व एकंदर योजना यांवरून अर्थ लावावा, असे न्यायालयाने ठरविले. १९८२ साली त्याने आणखी एक पाऊल टाकले : समुदायाच्या कायद्याची परिभाषा स्वतंत्र आहे, तोच शब्द राष्ट्रीय कायद्यात आढळला तरी अर्थ तोच असेल असे समजू नये.

या तत्त्वाने आरोपीला काय मिळू शकते हे एकाच कृत्याबद्दल दोनदा खटला नसावा या नियमावरून दिसते. १९९० च्या शेंगेन संकेतातील ५४ व्या कलमानुसार, ज्याच्या खटल्याचा एका राज्यात अंतिम निकाल लागला आहे त्याच्यावर ‘त्याच कृत्यांबद्दल’ दुसऱ्या राज्यात खटला भरता येत नाही. १९९९ साली एका बेल्जियन इसमाने मादक पदार्थ नॉर्वेत नेले. नॉर्वेने त्याला बेकायदा आयातीबद्दल पाच वर्षांची शिक्षा दिली. ती अंशतः भोगून तो परतल्यावर बेल्जियमने बेकायदा निर्यातीबद्दल खटला भरला. आयात व निर्यात हे कायद्याच्या दृष्टीने दोन अपराध. पण नेलेला माल एक, प्रवास एक आणि माणूसही एकच. ९ मार्च २००६ च्या निर्णयात न्यायालयाने कलमातील नामाकडे बोट दाखविले. तेथे ‘अपराध’ असा शब्द नसून ‘कृत्ये’ असा आहे. म्हणून काळ, स्थळ व विषय यांनी परस्परांशी अविभाज्यपणे निगडित असलेला घटनासमूह एवढेच पाहावयाचे. त्याला कोणत्या देशाचा कायदा काय नाव देतो हे पाहावयाचे नाही. भारतीय संविधानाच्या २० व्या अनुच्छेदाच्या दुसऱ्या खंडात ‘अपराध’ हा शब्द आहे, हे येथे तुलनेसाठी ध्यानात घेण्यासारखे आहे. अपराधाचे नाव देशागणिक बदलते. कृत्य सीमा ओलांडूनही तेच राहते. सीमा नसलेल्या प्रदेशात व्यक्तीला संरक्षण द्यावयाचे तर ‘कृत्य’ हाच शब्द उपयोगी पडतो.

तत्पूर्वी २००३ साली ‘अंतिम निकाल’ या शब्दांचाही असाच विस्तार झाला होता. नेदरलँड्समध्ये अभियोक्त्याने ठरविलेली रक्कम भरून आरोपीने प्रकरण मिटविले असेल, तर न्यायालयापुढे सुनावणी झालेली नसली तरी जर्मनीला पुन्हा खटला भरता येणार नाही, असे ठरले. स्वतःच्या कायद्याने निकाल वेगळा लागला असता तरीही दुसऱ्या राज्याचा निकाल मानणे, हाच परस्परविश्वासाचा अर्थ होय असे न्यायालयाने म्हटले. येथे परस्परमान्यता व्यक्तीच्या बाजूने उभी राहिली.

६

पकड-वॉरंट ‘न्यायिक प्राधिकाऱ्याने’ काढले पाहिजे. हा शब्द वरकरणी निर्विवाद वाटतो. परंतु २०१२ साली ज्युलियन असांज यांच्या प्रकरणात ब्रिटिश सर्वोच्च न्यायालयापुढे प्रश्न आला की, स्वीडनची अभियोक्ता ही न्यायिक प्राधिकारी होय काय. इंग्रजी कानाला ‘न्यायिक’ म्हणजे न्यायाधीशाचे. फ्रेंच प्रतीतील ‘ओतोरिते झ्यूदिसिएर’ मात्र अभियोक्त्यालाही सामावून घेते; कारण फ्रान्समध्ये न्यायाधीश व अभियोक्ता हे एकाच न्यायिक सेवेचे सदस्य मानले जातात. पाच विरुद्ध दोन अशा बहुमताने न्यायालयाने व्यापक अर्थ स्वीकारला, आणि त्या विवेचनात फ्रेंच प्रतीला मोठे वजन मिळाले.

लक्झेंबर्गच्या न्यायालयाने पुढे या शब्दाला संघाचा स्वतंत्र अर्थ दिला. २०१६ साली त्याने ठरविले की पोलीस खाते किंवा न्यायमंत्रालय हे न्यायिक प्राधिकारी नव्हेत. २७ मे २०१९ रोजी जर्मन अभियोक्त्यांविषयी निर्णय आला. अभियोक्ता न्यायदानात भाग घेत असल्यामुळे या संज्ञेत बसू शकतो. परंतु वॉरंट काढावे की नाही याबाबत मंत्र्याने त्याला आदेश देण्याची कायद्यात शक्यता असेल, तर तो स्वतंत्र नव्हे, आणि म्हणून न्यायिक प्राधिकारीही नव्हे. जर्मनीत असा आदेश क्वचितच दिला जातो, हे पुरेसे मानले गेले नाही. १२ डिसेंबर २०१९ रोजी फ्रान्स, स्वीडन व बेल्जियम येथील अभियोक्ते मात्र कसोटीस उतरले. एका विशेषणाच्या अर्थनिर्णयाने जर्मनीतील वॉरंट काढण्याचे काम न्यायाधीशांकडे गेले. त्यासाठी ना नवा करार झाला, ना कोणत्याही सभागृहात मतदान झाले.

७

दरम्यान करारांतही मोठा बदल झाला होता. पर्यावरणाच्या रक्षणासाठी राज्यांना फौजदारी शिक्षा ठेवावयास लावण्याचा अधिकार समुदायाला आहे, असे न्यायालयाने १३ सप्टेंबर २००५ रोजी ठरविले, आणि राज्यांच्या एकमताने झालेला यासंबंधीचा चौकट-निर्णय रद्द केला. १ डिसेंबर २००९ पासून अंमलात आलेल्या लिस्बन कराराने या वादाला चौकट दिली. दहशतवाद, मानवी व्यापार, मादक पदार्थांचा व शस्त्रांचा व्यापार, काळा पैसा, भ्रष्टाचार, संगणकीय गुन्हे इत्यादी सीमापार गंभीर अपराधांबाबत किमान नियम निदेशांद्वारे घालून देण्याचा अधिकार संघाला मिळाला. संघाने लादलेल्या निर्बंधांचा भंग हा विषय २०२२ साली या यादीत जोडला गेला. एखादा मसुदा आपल्या फौजदारी न्यायव्यवस्थेच्या मूलभूत अंगांना धक्का लावतो असे एखाद्या राज्याला वाटल्यास त्याला तो रोखून राज्यप्रमुखांपुढे नेता येतो.

किमान नियमांची भाषाही पाहण्यासारखी आहे. २०११ च्या मानवी व्यापारविरोधी निदेशात अपराधाची कमाल शिक्षा ‘किमान पाच वर्षे’ असावी असे म्हटले आहे. म्हणजे न्यायाधीशाने प्रत्यक्षात किती शिक्षा द्यावी हे संघ सांगत नाही. राज्याच्या कायद्याने शिक्षेची वरची मर्यादा पाच वर्षांखाली ठेवू नये, एवढेच सांगतो. राज्याचा शिक्षेचा अधिकार शाबूत ठेवून त्याला दिशा द्यावयाची, ही तडजोड ‘किमान कमाल’ या विचित्र जोडणीत पुरती उमटली आहे.

८

कायद्याने आधी सांगितल्यावाचून अपराध नाही व शिक्षाही नाही, हे दंडविधानाचे आद्य तत्त्व आहे. अर्थनिर्णयातून वाढणारा कायदा या तत्त्वाशी कोठे ना कोठे भिडणारच. ३२ अपराधांची यादी अत्यंत मोघम असल्याचा आक्षेप बेल्जियममधून आला, तेव्हा ३ मे २००७ च्या निर्णयात न्यायालयाने उत्तर दिले की, अपराधाची व्याख्या मागणी करणाऱ्या राज्याच्या कायद्यात असते. यादी केवळ एक पडताळणी वगळते. या उत्तराने तत्त्व सांभाळले गेले. परंतु नागरिकाने आता आपल्या देशाखेरीज इतरांच्याही व्याख्या जाणाव्यात, अशी अपेक्षा त्यात गर्भित राहते.

खरा संघर्ष इटलीत झाला. मूल्यवर्धित करातील मोठ्या लबाड्यांचे खटले तेथे कालमर्यादा संपल्यामुळे निकालात निघत. २०१५ साली लक्झेंबर्गच्या न्यायालयाने म्हटले की, गंभीर प्रकरणांपैकी ‘बऱ्याच’ प्रकरणांत असे घडत असेल, तर इटलीच्या न्यायाधीशांनी कालमर्यादेचा नियम बाजूस ठेवावा. यावर इटलीच्या घटना न्यायालयाने २०१७ साली प्रश्न केले. इटलीत कालमर्यादा ही केवळ कार्यपद्धतीची बाब नसून अपराधाच्या मूळ कायद्याचा भाग मानली जाते. मग ती मागाहून कशी वाढवावी? आणि ‘बरीच’ म्हणजे किती, हे न्यायाधीशाने कसे ठरवावे? ५ डिसेंबर २०१७ रोजी लक्झेंबर्गच्या न्यायालयाने माघार घेतली : निश्चिततेच्या अभावामुळे किंवा पूर्वलक्षी परिणामामुळे वरील आद्य तत्त्वाचा भंग होत असेल, तर तसे करण्याचे बंधन नाही. संदिग्ध विशेषण बाजारपेठेच्या कायद्यात खपून जाते. कैदेच्या कायद्यात ते खपत नाही.

परस्परविश्वासालाही मर्यादा पडली. ५ एप्रिल २०१६ रोजी, हंगेरी व रुमानिया येथील तुरुंगांच्या दुरवस्थेवरून निघालेल्या प्रकरणांत न्यायालयाने ठरविले की, त्या विशिष्ट व्यक्तीला अमानुष वागणुकीचा खरा धोका आहे असे दिसल्यास तिला सुपूर्द करणे लांबणीवर टाकावे, आणि धोका वाजवी मुदतीत दूर न झाल्यास ते प्रकरण संपवावे की काय याचा निर्णय घ्यावा.

लिस्बननंतर आरोपीच्या हक्कांविषयी जे निदेश झाले त्यांपैकी पहिला, २०१० चा, दुभाष्याचा व भाषांतराचा हक्क देणारा आहे, ही गोष्टही अर्थपूर्ण आहे. पकड-वॉरंटामुळे मनुष्य परभाषिक न्यायालयापुढे उभा राहतो. आरोप त्याला कळला नाही तर पुढील सर्व हक्क निरर्थक ठरतात. दुभाषा नुसता असून भागत नाही, त्याचे काम पुरेशा दर्जाचे असण्याची तजवीज राज्याने केली पाहिजे, असे न्यायालयाने २०२१ साली स्पष्ट केले.

९

१ जून २०२१ पासून लक्झेंबर्ग येथे युरोपीय अभियोक्ता कार्यालयाचे काम सुरू झाले. आरंभी २२ राज्ये त्यात होती. २०२४ साली पोलंड व स्वीडन यांची भर पडली. संघाच्या आर्थिक हितसंबंधांविरुद्धचे अपराध हा त्याचा विषय. तथापि हा अभियोक्ता खटला भरतो तो राष्ट्रीय न्यायालयात, त्या देशाच्या कार्यपद्धतीने व त्या देशाच्या भाषेत. संघाचा हात न्यायालयाच्या दारापर्यंत पोहोचला आहे. आतील न्यायासन अद्याप राज्याचेच आहे.

मका, मद्य, आयात, निर्यात, ‘न्यायिक’ आणि ‘बरीच’ या शब्दांभोवतीच्या वादांतून गेल्या सुमारे चार दशकांत जो कायदा उभा राहिला, त्याची रीत आता स्पष्ट दिसते. प्रथम राज्ये एक सामायिक शब्द स्वीकारतात; तो प्रत्येक भाषेत थोड्या भिन्न अर्थछटेने नांदतो; एखाद्या आरोपीच्या प्रकरणात त्या छटा परस्परांवर आदळतात; आणि न्यायालय संघाचा म्हणून एक अर्थ निश्चित करते. ज्या वेळी हा अर्थ व्यक्तीचे संरक्षण वाढवितो त्या वेळी तो सहज मान्य होतो. ज्या वेळी तो राज्याचा हात लांब करतो त्या वेळी मात्र केवळ अर्थनिर्णय पुरत नाही. पोलंडमध्ये घटनादुरुस्ती करावी लागली, आणि इटलीत न्यायालयाला स्वतःच मागे यावे लागले. शिक्षेचा आधार होणारा शब्द, ज्याला शिक्षा व्हावयाची त्याला त्याच्या कृत्यापूर्वी आणि त्याला समजेल अशा भाषेत उपलब्ध असला पाहिजे. अनेक भाषांच्या संघाने शिक्षेचा अधिकार वापरावा की नाही, हा वाद पुढेही चालू राहील. परंतु जेथे तो वापरला जाईल तेथे या अटीतून सूट मिळणार नाही.